ईसरद्याचा मोरमुकुट

जयपूरमध्ये रिक्षावाल्याला एस. एम. एस. म्हटले की तो इस्पितळाकडे नेऊ का स्टेडियमकडे, एवढेच विचारतो. ही तीन अक्षरे सवाई मानसिंग यांची. सवाई म्हणजे इतरांपेक्षा पावपट अधिक. सवाई माधवरावांमुळे हा शब्द आपल्या घरचाच आहे. जयपूरचे हे शेवटचे राज्यकर्ते महाराज पोलोचे नामांकित खेळाडू आणि पुढे राजस्थानचे राजप्रमुख म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. पण आपल्या कॅडेटांना, आणि त्याहून अधिक त्यांच्या आईवडिलांना, त्यांच्या लहानपणाची चार वर्षे जवळची वाटतील. घर सुटलेला मुलगा पुन्हा उभा कसा राहतो, ते त्या वर्षांत दिसते.

त्यांचे मूळ नाव मोरमुकुट सिंग. जयपूर राज्यातल्या ईसरदा ठिकाण्याच्या ठाकुरांचा हा धाकटा मुलगा. धाकटा असल्याने वडिलांची जहागीर मोठ्या भावाकडे जायची. याच्या वाट्याला गाव, घोडे, उन्हातान्हातले खेळणे आणि आईचा सहवास एवढेच होते. जयपूरचे महाराज माधोसिंग स्वतःही ईसरद्याहून दत्तक आलेले. त्यांना गादीचा वारस नव्हता. त्यांनी दोन्ही भावांना भेटीला बोलावले, तेव्हाची एक हकीकत सांगतात. नजराणा म्हणून मुलांनी हातावर नाणी धरली होती आणि महाराज दुसऱ्या कुणाशी बोलण्यात गुंतले. थोरला निमूट उभा राहिला. धाकट्याने थोडा वेळ वाट पाहिली आणि नाणी स्वतःच्या खिशात घातली. निवड धाकट्याची झाली. या खिशामुळेच झाली असे मी म्हणणार नाही. दत्तकामागे घराण्यांची आणि दरबाराची गणिते असतात. पण पोर कसे होते ते एवढ्यावरून कळते.

मार्च १९२१ मध्ये दत्तकविधान झाले. त्या वेळी मुलाला दहा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. नाव बदलले, आईवडील बदलले, घर बदलले. गादीवर हक्क सांगणारे दुसरे घराणेही होते, त्यामुळे मुलाच्या जिवाला धोका आहे असे दरबाराला वाटत होते. म्हणून त्याला नजरेआड, पहाऱ्यात, जनान्याच्या देखरेखीखाली ठेवले. सेवेला माणसे होती, खायला उत्तमोत्तम पदार्थ होते. मोकळेपणाने खेळायला बरोबरीची मुले मात्र नव्हती. परिणाम व्हायचा तोच झाला. मुलगा लठ्ठ झाला, आणि मनातून फार एकटा पडला. त्या दिवसांतले एकटेपण त्यांनी पुढे पत्नीला, गायत्रीदेवींना, सांगितले होते. गायत्रीदेवींच्या आत्मचरित्रामुळे ते आपल्यापर्यंत आले.

येथे पालकांसाठी थोडे थांबतो. त्या मुलावर कुणी अन्याय करत नव्हते. सगळे त्याची काळजीच घेत होते. आपल्या वसतिगृहात नवा कॅडेट येतो, पहिल्या आठवड्यात फोनवर रडतो, आणि घरून पहिली गोष्ट येते ती लाडवांचा डबा. लाडू चांगलेच असतात. पण तेव्हा मुलाला खरी गरज असते ती संध्याकाळी मैदानावर त्याच्या नावाने हाक मारणाऱ्या चार मुलांची. मोरमुकुटला वाड्यात नेमके हेच मिळाले नव्हते.

सप्टेंबर १९२२ मध्ये माधोसिंग वारले आणि दहा-अकरा वर्षांचा हा मुलगा महाराज झाला. कारभार मंडळाकडे गेला. मुलाला राजवाड्यातून काढून शहराबाहेरच्या निवासात ठेवावे असे ठरले आणि दिनक्रम बदलला. शिक्षक आले, घोडेस्वारी आली, खेळ आले. रामबाग हे पुढे त्याचे कायमचे घर झाले. मग अजमेरचे मेयो कॉलेज. तेथे राजघराण्यांचीच मुले असली तरी ती मुले होती. वर्गात, रांगेत, मैदानावर त्याच्यासारखे आणखी कितीतरी राजपुत्र होते. ज्या मुलापुढे सगळे वाकतात, त्याला न वाकणारी मुले भेटणे ही मोठी गोष्ट असते. अंगावरची चरबी गेली, आणि घोड्यावरची बैठक पक्की झाली.

१९२४ मध्ये जोधपूरच्या राजकन्येशी त्याचे लग्न झाले. नवरी नवऱ्याहून बरीच मोठी होती. त्या काळच्या राजघराण्यांच्या चालीवर आज लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण येथे पुढचा धागा महत्त्वाचा. जोधपूर म्हणजे पोलोचे माहेरघर. सर प्रताप सिंगांनी तेथे हा खेळ वाढवला, आणि त्यांचे पुत्र रावराजा हनुत सिंग हे देशातले अव्वल खेळाडू. जोधपूरशी सोयरीक झाल्यावर जयपूरच्या तरुण महाराजाला या खेळाची चांगली संगत मिळाली.

ज्या कॅडेटांनी पोलो जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका संघात चार स्वार. एक डाव, म्हणजे चक्कर, सुमारे सात मिनिटांचा; त्यानंतर घोडा बदलायचा. पुढच्या दोघांनी गोल करायचा, तिसऱ्याने डाव चालवायचा, चौथ्याने मागची बाजू राखायची. चेंडूची रेषा ज्याची, वाट त्याची; ती आडवी कापली की पंचांची शिट्टी. दोन घोडे अंगाला अंग लावून ढकलाढकली करू शकतात. पडणे ठरलेलेच. पडलेला स्वार धडधाकट असेल तर कपडे झटकून पुन्हा रिकिबीत पाय घालतो. यात पदवीचा काही उपयोग होत नाही. महाराजाने जागा सोडली तर त्याच्या संघावर गोल होतो, आणि हनुत सिंगांसारखा अनुभवी सोबती ते तोंडावर सांगतो. ज्याला वाड्यात कुणी चूक दाखवत नव्हते, त्याला येथे रोज दाखवली जात होती.

१९२९ मध्ये ते इंग्लंडला वूलिचच्या रॉयल मिलिटरी अकॅडमीत शिकायला गेले. परतल्यावर मार्च १९३१ मध्ये त्यांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले. १९३३ मध्ये ते स्वतःचा संघ आणि स्वतःचे घोडे घेऊन इंग्लंडला गेले. संघात हनुत सिंग, पृथी सिंग आणि अभय सिंग होते. त्या मोसमातल्या सगळ्या मोठ्या स्पर्धा जयपूरने जिंकल्या. गुलाम देशाच्या चार स्वारांनी राज्यकर्त्यांना त्यांच्याच मैदानावर हरवले, याचे अप्रूप तेव्हाच्या भारतीयांना किती वाटले असेल याची कल्पना करावी.

कलकत्त्याच्या पोलो मोसमात त्यांची कूचबिहारच्या राजघराण्याशी ओळख वाढली. त्या घराच्या कर्त्या इंदिराराजे म्हणजे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या कन्या. त्यांची मुलगी गायत्रीदेवी १९४० मध्ये मानसिंगांची तिसरी पत्नी झाली, आणि तिने १९४३ मध्ये जयपुरात मुलींची शाळा काढली. एका मराठी आजोळाच्या मुलीने पडद्याच्या शहरात मुलींना वर्गात आणि मैदानावर आणले, याचा आपल्याला थोडा अभिमान वाटायला हरकत नाही.

सैन्याशी मानसिंगांचे नाते नुसते गणवेशापुरते नव्हते. त्यांनी उभी केलेली सवाई मान गार्ड्स ही पलटण आज राजपूत रेजिमेंटमध्ये आहे. थोरले चिरंजीव भवानी सिंग यांनी १९७१ च्या युद्धात पॅरा कमांडोंचे नेतृत्व करून महावीर चक्र मिळवले. ते पाहायला वडील नव्हते.

मानसिंगांना खेळाचा उपयोग सर्वांत जास्त झाला तो, माझ्या मते, १९४९ मध्ये. त्या मार्चमध्ये सरदार पटेलांच्या हस्ते बृहत् राजस्थानचे उद्घाटन झाले. जयपूरचे वेगळे राज्य संपले आणि मानसिंग राजप्रमुख झाले. १९५६ मध्ये तेही पद गेले. लहानपणी एकदा सगळे बदलले होते, आता पुन्हा बदलले. अनेक संस्थानिक या धक्क्यानंतर वाड्यात बसून राहिले. मानसिंग १९५७ मध्ये भारतीय संघाचे कप्तान म्हणून फ्रान्सला दोव्हिलच्या जागतिक स्पर्धेला गेले आणि जिंकून आले. हनुत सिंग तेव्हाही बरोबर होते. रामबागचे हॉटेल झाले, आणि पुढे मानसिंग स्पेनमध्ये भारताचे राजदूत झाले.

जयपूरच्या पोलो मैदानावर आज ६१ वी कॅव्हलरी खेळताना दिसते. संस्थानांची घोडदळे एकत्र करून १९५३ मध्ये उभ्या केलेल्या या रेजिमेंटमध्ये राजपूत आणि कायमखानी स्वारांबरोबर मराठेही आहेत.

२४ जून १९७० रोजी इंग्लंडमध्ये सायरेन्सेस्टर येथे पोलोच्या मैदानावरच मानसिंग कोसळले. वयाची साठीही झाली नव्हती. पार्थिव विमानाने जयपूरला आणले, आणि गैटोरला, जेथे त्यांच्या आधीच्या महाराजांच्या छत्र्या आहेत, तेथे त्यांना अग्नी देण्यात आला.