मातीच्या घरासाठी आयुष्य घालवणारे हसन फथी

एप्रिल-मे महिन्यात दुपारी दोन वाजता स्लॅबच्या घरात बसवत नाही. कूलर लावा नाहीतर पंखा, गरमच हवा अंगावर येते. त्याच गल्लीत एखादं जुनं माळवदाचं घर उरलेलं असेल तर तिथं शिरल्या शिरल्या जीव गार होतो. हे शेंबडं पोरगंही सांगेल. तरी जो तो माळवद पाडून स्लॅब टाकतोय. मीही टाकलाय, खोटं कशाला बोलू?

ही साधी गोष्ट सरकारला, शिकलेल्या इंजिनिअरांना आणि खुद्द शेतकऱ्यांना पटवण्यात इजिप्त देशातल्या एका माणसाचं सगळं आयुष्य गेलं. त्यांचं नाव हसन फथी. त्यांना जाऊन पस्तीस वर्षं उलटून गेली. आर्किटेक्ट लोकांमध्ये ते जगभर माहीत आहेत, पण ज्यांच्यासाठी त्यांनी काम केलं त्या खेड्यातल्या माणसांना त्यांचं नाव फारसं माहीत नाही.

फथी यांचा जन्म २३ मार्च १९०० रोजी अलेक्झांड्रिया शहरात झाला. घरची श्रीमंती होती, जमीनजुमला होता, पण वडील शेताकडं फिरकत नसत. तिथं माश्या, घाण आणि रोगराई, असं त्यांचं मत. आईला मात्र खेड्याची ओढ. लहानपणी तिनं गावाकडच्या, जनावरांच्या गोष्टी सांगितल्या आणि पोराच्या डोक्यात शेती बसली. मोठं झाल्यावर शेतकी शाळेत जायला निघाले तर तोंडी परीक्षेतच नापास झाले. शेत कधी पाहिलंच नव्हतं, उत्तरं कुठून देणार? मग घरं बांधण्याचं शिक्षण घेतलं आणि १९२६ साली कैरोत पदवी मिळवली.

वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी ते पहिल्यांदा आपल्या घराण्याच्या शेतावर गेले. तिथं राबणाऱ्या कुळांच्या झोपड्या इतक्या बुटक्या, अंधाऱ्या आणि घाण होत्या की त्यांना लाज वाटली. त्यांच्याच शेतावर माणसं अशी राहत होती. तिथून खेड्यातलं घर हा त्यांच्या आयुष्याचा विषय झाला.

त्यांनी हिशेब मांडला. सिमेंट आणि लोखंड विकत घ्यावं लागतं, गरिबाला ते परवडत नाही. माती मात्र पायाखाली आहे. इजिप्तचा शेतकरी नाईल नदीच्या गाळात भुसा कालवून, साच्यात थापून, उन्हात वाळवून विटा करत आलाय. भट्टी नाही, लाकूड नाही, कोळसा नाही. तेव्हा भिंतींचा प्रश्न नव्हता, अडचण होती छताची. १९४१ च्या सुमारास कैरोजवळ एका शेतावर त्यांनी मातीच्या विटांची घरं उभी केली, पण महायुद्धामुळं छताला लाकूड मिळेना. विटांचीच कमान करून छत टाकायला गेले तर ते कोसळलं. पुन्हा केलं, पुन्हा कोसळलं.

त्यांचे भाऊ तेव्हा अस्वान धरणाच्या कामावर होते. तिकडचे नुबियन लोक लाकडाशिवाय छत घालतात, हे त्यांनीच फथींना सांगितलं. फथी अस्वानला गेले आणि बघतच राहिले. अख्खं गाव मातीचं, उंच छतांचं, रंगवलेलं आणि स्वच्छ. तिथले गवंडी त्यांनी आपल्या कामावर आणले.

त्या गवंड्यांची रीत अशी. खोलीच्या मागची भिंत उंच घ्यायची. तिच्यावर चिखलानं, नुसत्या हातानं, कमानीचा आकार काढायचा. माप नाही, दोरी नाही. मग पातळ विटांचा एकेक थर त्या भिंतीला टेकवून, तिरका लावत पुढं यायचं. विटेत भुसा जास्त, म्हणून ती वजनाला हलकी. एका अंगाला बोटांनी ओढलेल्या खाचा, म्हणजे चिखल धरून ठेवतो. प्रत्येक थर मागच्या थरावर रेलतो, त्यामुळं खालून आधार लागत नाही. आपल्याकडं स्लॅब म्हटला की सेंट्रिंगच्या फळ्या, टेकू, भाडं. इथं त्यातलं काहीच नाही. एक खोली दीड दिवसात झाकून होते. लक्सरजवळ याच पद्धतीची धान्याची कोठारं तीन हजार वर्षांहून जास्त काळ उभी आहेत. म्हणजे विद्या होतीच, शाळा-कॉलेजात तिची कुणाला खबर नव्हती.

१९४५ मध्ये त्यांना मोठं काम मिळालं. लक्सरसमोर नाईलच्या पश्चिम काठावर गुर्ना नावाची वस्ती होती, प्राचीन इजिप्तच्या थडग्यांवरच वसलेली. सात हजारांच्या आसपास लोक. थडग्यातल्या वस्तू काढून विकायच्या, यावर कित्येकांची चूल चालायची. एका थडग्यातलं कोरीव काम चोरीला गेलं, बोभाटा झाला आणि सरकारनं अख्खं गाव खाली शेतजमिनीत हलवायचं ठरवलं. पन्नास एकर जागा घेतली आणि गाव बांधायचं काम फथींकडं दिलं.

त्यांनी जीव ओतून काम केलं. एकाच छापाची चाळ बांधायची नाही, प्रत्येक घर त्या कुटुंबाच्या गरजेप्रमाणं वेगळं, हा त्यांचा हट्ट. मधे अंगण, जनावरांना जागा, मशीद, बाजार, शाळा, एवढंच काय नाटकाला थिएटर. अस्वानचे गवंडी आणून स्थानिक पोरांना काम शिकवलं.

पण लोक आले नाहीत. जायचंच नव्हतं त्यांना. डोंगरावरचं घर सोडलं तर पोटाचं काय, याचं उत्तर कुणाकडं नव्हतं. बांध फोडून नव्या गावात पाणी सोडण्यापर्यंत प्रकार गेला. वरून सरकारी कचेरीत साध्या साध्या सामानाच्या मंजुरीला महिनोन्‌महिने. तीन हंगाम काम चाललं आणि बंद पडलं. ठरलेल्या गावाचा जेमतेम पाचवा भाग उभा राहिला. लोकांची आणखी एक तक्रार होती. घुमट हा तिकडं कबरीवर असतो, मग घरावर कशाला? मला विचाराल तर इथं फथींचं चुकलंच. आपल्याकडं धरणात गावं उठली, तेव्हा नव्या गावठाणात घर किती ऐसपैस आहे हे कुणी विचारलं नाही. जमीन कुठं आणि पाणी कुठं, हेच आधी विचारलं. गुर्नाच्या लोकांनीही तेच विचारलं होतं.

या अपयशानं ते खचले. १९५७ ला देश सोडून काही वर्षं ग्रीसमध्ये काम केलं, मग परत आले. १९६४ मध्ये कैरोच्या सरकारी संशोधन केंद्रात एक चाचणी झाली. शेजारी शेजारी दोन खोल्या बांधल्या. एक मातीच्या विटांची, भिंत आणि छत अर्धा मीटर जाड. दुसरी तयार काँक्रीटच्या दहा सेंटीमीटरच्या तक्त्यांची. मार्च महिन्यात आतलं तापमान मोजलं. मातीच्या खोलीत चोवीस तासांत दोन अंशांच्या वर फरक पडला नाही, ती २१ ते २३ अंशांत राहिली. काँक्रीटची खोली ३६ अंशांपर्यंत गेली. कारण सोपं आहे. जाड माती दिवसभर ऊन आपल्यातच मुरवते, आत येईस्तोवर रात्र होते आणि रात्री ते बाहेर टाकते. पातळ काँक्रीट लगेच तापतं. मग ते थंड करायला वीज जाळायची.

कार्बन हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. फथी पैशाचा आणि लाकडाचा हिशेब करत होते. आज तोच हिशेब धुराच्या भाषेत मांडतात. सिमेंट करायला चुनखडी साडेचौदाशे अंशांच्या आसपास तापवावी लागते. जळणाचा धूर वेगळाच, पण तापल्यावर खुद्द त्या दगडातूनही कार्बन वायू सुटतो. जगात माणसाच्या हातून निघणाऱ्या या वायूतला सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा. इमारती बांधणं आणि त्या वापरणं, म्हणजे दिवे, कूलर, एसी, सगळं धरलं तर वाटा एक तृतीयांशाच्याही पुढं जातो. पाऊस लांबला, गारपीट झाली की आपण आभाळाकडं बघतो. त्यातला थोडा हिशेब आपल्या डोक्यावरच्या छताचाही आहे.

आता कुणी म्हणेल, मातीचं घर म्हणजे किल्लारी. बरोबर आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट लातूर-धाराशिवकडचा माणूस विसरू शकत नाही. चिखलात बसवलेल्या गोल दगडांच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद, त्याखाली हजारो माणसं गेली. त्यानंतर मातीचं नाव काढलं तरी घरची बाई नको म्हणते, आणि तिचं चुकीचं नाही. गुर्नाच्या भागात पाऊस जवळपास नाहीच, आपल्याकडं मृगापासून झड लागते. म्हणून फथींचं घर जसंच्या तसं उचलून आपल्या गावात बसवता येणार नाही. खुद्द नव्या गुर्नातही जमिनीतला ओलावा आणि क्षार भिंतींना लागले, घरांना तडे गेले. मात्र जाड भिंत, उंच छत, मधलं अंगण आणि वाऱ्याच्या तोंडाला झरोका या गोष्टी पाऊस अडवत नाही. वारा वरून पकडून खाली घरात सोडणारे धुराड्यासारखे मनोरे फथींनी पुष्कळ वापरले. १९६७ मध्ये बारिस नावाच्या वाळवंटातल्या गावात त्यांनी शेतमालाच्या बाजारासाठी असंच तळघर बांधलं, भाजीपाला विजेशिवाय टिकावा म्हणून. त्याच साली युद्ध झालं आणि तेही काम थांबलं.

मान मिळाला तो म्हातारपणी. गुर्नाच्या अनुभवावर लिहिलेलं त्यांचं पुस्तक १९७३ मध्ये अमेरिकेत छापलं गेलं आणि जगभर वाचलं गेलं. त्यात त्यांनी अपयश लपवलं नाही, हे विशेष. १९८० मध्ये स्वीडनचा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार पहिल्याच वर्षी त्यांना मिळाला. त्याच वर्षी आगा खान पुरस्कारातही त्यांचा खास गौरव झाला. ३० नोव्हेंबर १९८९ रोजी कैरोत ते वारले.

नव्या गुर्नातली बरीच घरं लोकांनी पाडून काँक्रीटची केली. मशीद उभी आहे. आणि जी कमान त्यांनी अस्वानच्या गवंड्यांकडून शिकून घेतली, ती पश्चिम आफ्रिकेत बुर्किना फासो देशात पोचली आहे. तिथं जंगल तुटून छताला लाकूड राहिलं नाही. लोक पत्रा टाकतात आणि आत भाजून निघतात. म्हणून गेली वीसेक वर्षं तिथले शेतकरी सुगी झाली की कोरड्या महिन्यांत ही कमान बांधायला शिकतात आणि पाऊस सुरू झाला की पेरणीला शेतात परततात.