शर्यतीसाठी मांडलेला व्यापार

मालाचा खप वाढावा म्हणून कारखानदार शर्यतीत मोटारी उतरवतो, ही व्यापारातील नेहमीची रीत. इटलीतील एन्झो फेरारी यांनी ती उलटी फिरवली. शर्यतींचा खर्च भागावा, एवढ्याचसाठी ते धनिकांना मोटारी विकत.

मोडेना येथे १८९८ मध्ये त्यांचा जन्म झाला. १९१६ या एकाच वर्षी वडील आणि थोरला भाऊ दोघेही गेले. महायुद्ध संपल्यावर फियाटने त्यांना नोकरी नाकारली. पुढे ते आल्फा रोमिओकडून शर्यतींत धावले आणि १९२९ मध्ये त्यांनी स्वतःचा शर्यतसंघ उभारला. १९३९ मध्ये आल्फाशी संबंध तुटले, तेव्हा चार वर्षे स्वतःच्या नावाने शर्यतीत न उतरण्याची अट त्यांना पाळावी लागली. मारानेल्लोच्या कारखान्यातून त्यांच्या नावाची पहिली मोटार १९४७ मध्ये बाहेर पडली आणि १९५१ मध्ये सिल्व्हरस्टोनला तिच्या वारसदारणीने आल्फालाच हरवले.

या यशाची किंमत कोणी मोजली? १२ मे १९५७ रोजी 'मिल्ले मिल्या' ही सुमारे सोळाशे किलोमीटरची शर्यत नेहमीच्या रहदारीच्या रस्त्यांवरून चालली होती. ग्विदित्सोलो गावाजवळ फेरारीच्या मोटारीचा टायर फुटला. चालक आणि त्याचा सहकारी तर गेलेच. पण रस्त्याच्या कडेला उभे असलेले नऊ प्रेक्षकही ठार झाले. त्यांत पाच मुले होती. फेरारींवर मनुष्यवधाचा खटला चालला व १९६१ मध्ये ते निर्दोष सुटले. न्यायालयाचा निकाल मान्य करूनही अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला एक हिशेब खटकतोच. चालकाने धोका जाणून पत्करला होता, कारखान्याला कीर्ती हवी होती. त्या मुलांचा या सौद्यात वाटा कोणता? इटलीत सार्वजनिक रस्त्यांवरील अशा शर्यतींवर बंदी आली, ती या बळींनंतर.

फेरारींचा हट्ट मात्र ढळला नाही. १९६३ मध्ये अमेरिकेची फोर्ड कंपनी कारखाना विकत घ्यायला आली. शर्यतींच्या खर्चावर अंतिम अधिकार फोर्डचा राहणार, असे दिसताच त्यांनी बोलणी मोडली. सूडाला पेटलेल्या फोर्डने १९६६ पासून सलग चार वर्षे ल मान्स जिंकले. अखेर १९६९ मध्ये निम्मा हिस्सा फियाटला, म्हणजे एके काळी नोकरी नाकारणाऱ्या कंपनीलाच, द्यावा लागला. पण शर्यतविभाग त्यांनी स्वतःकडेच ठेवला. ऑगस्ट १९८८ मध्ये, नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यानंतर फियाटचा हिस्सा नव्वद टक्क्यांवर गेला. पुत्र पिएरो यांच्याकडे दहा टक्के उरले.