आकड्यांचे घर जपणारे डहाणूचे गणितानंद

तलासरीतील उधव्यापासून डहाणूच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंतचा पट्टा वारली चित्रकलेसाठी आणि चिकूच्या वाड्यांसाठी सर्वदूर ओळखला जातो. याच पट्ट्यातील डहाणूने जगाच्या गणिताला एक आकडाही दिला आहे, याची जाणीव मात्र फार थोड्यांना असते. तो आकडा म्हणजे ६१७४. गणिताच्या ग्रंथांत तो कापरेकर स्थिरांक या नावाने नोंदला गेला आहे. त्याचे जनक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेले हे गाव २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडते.

आठव्या वर्षीच दत्तात्रेयांचे मातृछत्र हरपले. वडील कारकून होते आणि त्यांना फलज्योतिषाचा नाद होता. कुंडली मांडायची तर आकडेमोड अटळ. त्या आकडेमोडीची गोडी मुलाला घरातच लागली. शालेय शिक्षण ठाण्यास झाले आणि १९२३ मध्ये त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथे १९२७ साली स्वतंत्र गणिती लेखनासाठी दिले जाणारे रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक त्यांनी पटकावले. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले. त्यापुढचे औपचारिक शिक्षण त्यांना लाभले नाही. नाशिकजवळच्या देवळालीत त्यांनी शाळामास्तरकी पत्करली आणि १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते त्याच पेशात राहिले.

शाळामास्तराच्या फळ्यावर सर्वाधिक वाद कशावरून होतात, तर उत्तरावरून नव्हे, मांडणीवरून. मराठी शाळांतून पदावली सोडवताना पिढ्यान्‌पिढ्या कंचेभागुबेव हे सूत्र घोकले जाते. आधी कंस, मग चे, मग भागाकार, गुणाकार, बेरीज आणि शेवटी वजाबाकी, असा त्याचा क्रम. सूत्र सोयीचे खरे, पण शब्दशः घेतले की फसगत होते. १० − ४ + ३ या पदावलीत वजाबाकीआधी बेरीज करणारा विद्यार्थी १० मधून ७ वजा करतो आणि उत्तर ३ काढतो. बरोबर उत्तर ९ आहे. कारण बेरीज व वजाबाकी समान दर्जाच्या क्रिया असून त्या डावीकडून उजवीकडे करावयाच्या असतात. भागाकार आणि गुणाकार यांचाही दर्जा समानच. मात्र तेथे सूत्रानुसार भागाकार आधी केला तरी उत्तर बिघडत नाही.

कापरेकरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांचे मर्म याच मांडणीत आहे. ४५ चा वर्ग २०२५. या वर्गाचे मधोमध दोन तुकडे करावेत. २० आणि २५ यांची बेरीज पुन्हा ४५ येते. ५५ चा वर्ग ३०२५. ३० आणि २५ मिळून ५५. २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७. अशा संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात. सन २०२५ चा आकडादेखील २० अधिक २५ या बेरजेचा वर्ग होता. मात्र ही गोष्ट कागदावर उतरवताना बेरजेला कंस घालणे विसरले, तर फक्त २५ चाच वर्ग होतो आणि २०२५ ऐवजी ६४५ हाती येतात. सारे सौंदर्य एका कंसाच्या आधाराने उभे असते.

कंस पुरेसे नाहीत, हे याच संख्यांनी पुढे दाखवून दिले. ९९ चा वर्ग ९८०१. त्याचे तुकडे ९८ आणि ०१, बेरीज ९९. येथे १ च्या डावीकडील शून्याला जागा द्यावी लागते. मग १०० चे काय? वर्ग १००००, तुकडे १०० आणि ००, बेरीज १००. हा प्रकार ग्राह्य धरला, तर १०, १००, १००० अशा साऱ्याच संख्या यादीत घुसतील. म्हणून उजवा तुकडा निव्वळ शून्यांचा नसावा, अशी अट घालण्यात आली. खरा मतभेद उरला तो ४८७९ सारख्या संख्येबाबत. तिचा वर्ग २३८०४६४१. २३८ आणि ०४६४१ असे तुकडे पाडल्यास बेरीज ४८७९ येते. पण मूळ संख्येत जितके अंक तितकेच उजव्या तुकड्यात असावेत, असा दंडक लावला तर तुकडे २३८० आणि ४६४१ होतात व बेरीज ७०२१ येते. परिणामी कापरेकर संख्यांच्या दोन याद्या प्रचलित आहेत; एकीत ४८७९ आहे, दुसरीत नाही. गणित दोन्हींत अचूक आहे. फरक आहे तो आधी ठरवलेल्या नियमाचा.

कापरेकरांचे सर्वात गाजलेले संशोधन १९४९ मध्ये मद्रास येथील गणित परिषदेत मांडले गेले. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. चारही अंक सारखे नसावेत, एवढीच अट. अंक उतरत्या क्रमाने व चढत्या क्रमाने लिहून मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी. आलेल्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करावी. ३०८७ घेतल्यास ८७३० − ०३७८ = ८३५२ आणि ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे कितीही वेळा कृती केली तरी ६१७४ हेच उत्तर येत राहते. कोणत्याही संख्येला येथे पोहोचण्यास सातहून अधिक पायऱ्या लागत नाहीत. तीन अंकी संख्यांबाबत हाच मान ४९५ या आकड्याकडे जातो.

येथेही शून्याच्या जागेचा प्रश्न आडवा येतो. १००० घ्या. १००० − ०००१ = ९९९. हे उत्तर तीन अंकी मानले तर ९९९ वजा ९९९ म्हणजे शून्य, आणि प्रवास तेथेच संपतो. तेच ०९९९ असे चार अंकी लिहिले, तर ८९९१, ८०८२, ८५३२ अशा पायऱ्या चढत पाचव्या खेपेस ६१७४ गाठता येते. संख्या एकच, लिहिण्याच्या दोन पद्धती आणि परिणाम सर्वस्वी भिन्न. म्हणूनच हा गुणधर्म सांगताना पुढील शून्ये राखावीत, हा नियम सोबत सांगावा लागतो.

या संशोधनाचे स्वागत मात्र थंडपणे झाले. देशातील अनेक गणितज्ञांनी कापरेकरांच्या कामाकडे क्षुल्लक करमणूक म्हणून पाहिले. त्यामागे तात्त्विक आक्षेपही होता. संख्या ही मूळ वस्तू; तिचे अंक हा केवळ दहाच्या पायावर लिहिण्याचा संकेत. पाया बदलला की ६१७४ चे वैशिष्ट्य उरत नाही. मग संकेतावर उभ्या असलेल्या गुणधर्माला गणित कसे म्हणावे? आक्षेप निराधार नव्हता. परंतु संकेत एकदा निश्चित झाला, की त्यातून निघणारे निष्कर्ष कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहत नाहीत. संख्येचे अंक कसेही उलटसुलट करून वजाबाकी केली, तरी उत्तराला नऊने भाग जातो. ६१७४ हेही नऊची ६८६ पट आहे. अशी सूत्रबद्धता निव्वळ योगायोगाची नसते.

उपेक्षेने कापरेकर थांबले नाहीत. ६१७४ वरील त्यांचा लेख १९५५ मध्ये अमेरिकेतील स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात आला. इतर बरेचसे लेखन किरकोळ नियतकालिकांतून किंवा स्वतःच छापलेल्या पुस्तिकांतून प्रसिद्ध झाले. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना त्यांनी हर्षद, म्हणजे आनंद देणाऱ्या, असे नाव दिले. १२ ही अशी एक संख्या; १ आणि २ यांची बेरीज ३, आणि तिने १२ ला भाग जातो. एखाद्या संख्येत तिचे अंक मिळवत गेले की २१ पासून २४, २४ पासून ३० अशी मालिका तयार होते. अन्य कोणत्याही संख्येपासून जन्म न घेणाऱ्या २०, ३१, ४२ यांसारख्या संख्यांना ते स्वयंभू म्हणत. १९६३ मध्ये देवळालीहूनच त्यांनी स्वयंभू संख्यांवर पुस्तिका काढली. त्यांना गणितानंद ही उपाधी मिळाली, ती या अखंड ध्यासामुळेच.

उत्तरायुष्य ओढाताणीचे होते. १९६६ मध्ये पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन अपुरे पडू लागल्याने गणित व विज्ञानाच्या शिकवण्या घेऊन त्यांनी दिवस काढले. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकातील आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले आणि देवळालीच्या निवृत्त मास्तरांचे नाव जगभर पोहोचले. तेव्हा ते सत्तरीत होते. १९८६ मध्ये देवळालीतच त्यांचे निधन झाले.

त्यानंतर तेहतीस वर्षांनी, २०१९ मध्ये ८ ÷ २(२ + २) या पदावलीने जगभरच्या लोकांना दोन तटांत विभागले. डावीकडून क्रमाने सोडवणाऱ्यांचे उत्तर १६ आले. कंसाला चिकटलेल्या २ चा गुणाकार आधी उरकणाऱ्यांचे १ आले. वेगवेगळ्या कंपन्यांची गणकयंत्रेही अशा मांडणीला एकसारखे उत्तर देत नाहीत. भागाकाराच्या चिन्हानंतर त्याच ओळीत गुणाकार आल्यास कंस घालावेत, ही आंतरराष्ट्रीय मानकांची शिफारस याच गोंधळावरचा उपाय आहे. हा वाद बुद्धिमत्तेचा नव्हता. नियम न सांगता लिहिलेल्या ओळीचा तो होता.

कापरेकरांच्या संख्यांना अशा संदिग्धतेत निभावच नाही. कंस कोठे, शून्याला जागा द्यायची की नाही, तुकडा कोठे पाडायचा, हे आधी ठरवल्याखेरीज त्यांचा एकही गुणधर्म टिकत नाही. ज्या संकेताधीनतेपायी त्यांचे काम हलके लेखले गेले, तीच त्याची मोठी शिकवण ठरते. उधव्याच्या शाळेतील एखाद्या मुलीने वहीत चार अंक लिहिले आणि पुढची शून्ये न गाळता वजाबाक्या केल्या, तर ती सात पायऱ्यांच्या आत ६१७४ पाशी पोहोचेल. डहाणूत जन्मलेल्या या गणितानंदाचे स्मारक तिच्या वहीत आपोआप उभे राहील.