साबणाचे व्यापारी विल्यम लिव्हर

चांगली चालणारी पेढी घरी असताना व्यापारी परक्या मुलखात भांडवल का गुंतवतो? केवळ लोभापायी, एवढे म्हटल्याने या प्रश्नाचे समाधान होत नाही. विल्यम लिव्हर यांच्या चरित्रात त्याचे उत्तर सापडते, म्हणून ते आम्ही येथे थोडक्यात निवेदन करीत आहोत.

लिव्हर यांचा जन्म १८५१ साली इंग्लंडातील बोल्टन गावी एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी झाला. शाळा सुटताच ते वडिलांच्या दुकानी बसू लागले. १८८४ साली त्यांनी ‘सनलाइट’ हे नाव नोंदविले व पुढल्याच वर्षी बंधू जेम्स यांच्यासह वॉरिंग्टन येथे साबण काढण्यास आरंभ केला. १८८८ मध्ये मर्सी नदीच्या काठी पोर्ट सनलाइट या कारखान्याची उभारणी सुरू झाली. त्याच वर्षी त्यांच्या साबणाच्या पेट्या कलकत्ता बंदरात उतरल्या.

परंतु अनेक देशांनी परदेशी मालावर जकात बसविली होती. लिव्हरांचा हिशेब रोखठोक होता. तेथे स्वतंत्र कारखाना व व्यवस्थापक ठेवण्याच्या खर्चाहून जकात जड झाली, की तेथेच कारखाना काढावा. या न्यायाने एकोणिसावे शतक सरण्याच्या सुमारास स्वित्झर्लंड, जर्मनी, अमेरिका इत्यादी देशांत त्यांचे कारखाने निघाले.

दुसरे कारण कच्च्या मालाचे. पामतेल हक्काचे असावे, म्हणून १९११ साली त्यांनी बेल्जियन काँगोत ७,५०,००० हेक्टरांपर्यंत जमीन मिळविण्याचा करार केला. पोर्ट सनलाइटच्या कामगारांसाठी टुमदार घरे बांधणाऱ्या या गृहस्थाच्या काँगोतील व्यवसायात मात्र गरीब रहिवाशांकडून सक्तीने काम करवून घेतले गेले. हा डाग आम्ही झाकून ठेवू इच्छित नाही.

१९२५ साली लिव्हर निवर्तले. त्यांचा हिशेब मात्र मागे उरला. हिंदुस्थानात आयातीवर जकात व स्वदेशीचा जोर वाढताच १९३३ मध्ये येथे त्यांच्या नावाची कंपनी स्थापन झाली व १९३४ साली मुंबईत शिवडी येथे साबण तयार होऊ लागला. आमच्या मोरीतील वडी अशा रीतीने येथलीच झाली.

आपल्यातील जे तरुण आज व्यापारासाठी दूर देशी जात आहेत, त्यांनी लिव्हरांचा हिशेब अवश्य शिकावा. मात्र ज्यांच्या भूमीवर आपण दुकान मांडतो, त्यांचे श्रम जमाखर्चाच्या वहीत कोठे धरले आहेत, हेही रोज रात्री वही मिटण्यापूर्वी पाहावे, एवढीच आमची विनंती.