एकतारी, पखवाज आणि सर सी. व्ही. रामन

सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचे नाव आपण २८ फेब्रुवारीला फळ्यावर लिहितो. १९२८ साली त्या तारखेला त्यांनी प्रकाशाविषयीचा आपला मोठा शोध जाहीर केला. त्याची आठवण म्हणून १९८७ पासून तो दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन झाला. त्या शोधाबद्दल सगळेच लिहितात, म्हणून मी दुसरेच लिहिणार आहे. त्याच्या आधी कितीतरी वर्षे रामन तार, लाकूड आणि कातडे यांच्या आवाजामागे लागले होते. आपल्या देवळात वाजतात तीच वाद्ये त्यांनी प्रयोगशाळेत नेऊन ठेवली होती.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. वडील चंद्रशेखर अय्यर शिक्षक होते. ते गणित व पदार्थविज्ञान शिकवीत आणि घरी आवडीने व्हायोलिन वाजवीत. म्हणजे पुस्तक आणि वाद्य दोन्ही एकाच घरात. रामन फार हुशार, अकराव्या वर्षी मॅट्रिक! सोळाव्या वर्षी, १९०४ साली, मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून ते पहिल्या नंबराने बी. ए. झाले. त्यांना विलायतेला पाठवायचे चालले होते, पण प्रकृती नाजूक, तिथली थंडी सोसणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले आणि जाणे राहून गेले. १९०७ साली ते एम. ए. झाले. त्याच वर्षी त्यांचे लोकसुंदरी यांच्याशी लग्न झाले. त्या वीणा वाजवीत.

त्या काळी आपल्या देशात विज्ञानाचे संशोधन करून पोट भरेल अशी नोकरी मिळणे कठीण होते. म्हणून रामन यांनी सरकारच्या हिशेब खात्याची परीक्षा दिली आणि कलकत्त्याला मोठे अधिकारी झाले. वय फक्त अठरा वर्षे.

एकदा ट्रामने जाताना त्यांना बहूबाजार रस्त्यावर एक पाटी दिसली, असे सांगतात. ती इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेची होती. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी ती १८७६ साली काढली होती. आत प्रयोगाची खोली होती, सामान होते, पण काम करणारे कुणी नव्हते. रामन यांनी विचारले, परवानगी मिळाली, आणि त्यांचा दिनक्रमच बदलला. पहाटे साडेपाचला संस्थेत जायचे, पावणेदहाला घरी येऊन आंघोळ, घाईघाईत जेवण, मग कचेरी. संध्याकाळी पाचला कचेरी सुटली की थेट पुन्हा संस्थेत, ते रात्री साडेनऊ-दहापर्यंत. मध्ये रंगूनला बदली झाली, मग १९१० साली आपल्या नागपूरला. १९११ मध्ये ते कलकत्त्याला परत आले तेव्हा त्यांनी संस्थेला लागूनच घर घेतले. घरातून प्रयोगशाळेत जायला मधे एक दार होते, मग काय विचारता!

तिथे त्यांच्या मदतीला आशुतोष डे होते. त्यांना सगळे आशुबाबू म्हणत. आशुबाबू कधी कॉलेजात शिकले नव्हते. पण त्यांच्या एकट्याच्या नावावर एक लेख लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. हे मला फार आवडले.

आता आवाजाचे सांगते. १९०९ साली रामन यांनी गणिताच्या एका मासिकात एकतारीवर लेख लिहिला होता. हातात धरून वाजवतात तीच साधी एकतारी. तिच्यात एवढे काय आहे? नुसती तार दोन खिळ्यांना ताणून छेडा, आवाज अगदी बारीक येतो. तार बारीक असते, ती हवेला फारसे ढकलू शकत नाही. तीच तार लाकडाच्या पेटीवर किंवा भोपळ्यावर बसवली की तारेचा कंप लाकडात जातो, सगळे लाकूड थरथरते, आणि त्याच्या रुंद अंगाने भरपूर हवा हलते. आपल्याला ऐकू येतो तो आवाज बराचसा लाकडाचा असतो.

प्रत्येक वस्तूचा स्वतःचा असा एक कंप असतो. एस.टी. घरासमोर थांबून इंजिन घुरघुरते तेव्हा मांडणीवरचे एकच ताट वाजते, शेजारचे गप्प बसते. इंजिन जरा वाढवले की ते ताट थांबते आणि फळीवरचा डबा वाजू लागतो. ज्या वस्तूचा कंप इंजिनाशी जुळला ती वाजते. ह्याला अनुनाद म्हणतात. गिटार, सतार, व्हायोलिन जमिनीला किंवा टेबलाला टेकवून वाजवले तर टेबलावरची पेलाबशीसुद्धा अशीच एखाद्या सुराला कुरकुरते.

ह्या अनुनादाचा एक त्रासही आहे आणि तो रामन यांनी उलगडून दाखवला. व्हायोलिनच्या मोठ्या भावाला चेलो म्हणतात. त्याच्यावर एक सूर असा असतो की गज कितीही चांगला फिरवा, आवाज गुरगुरतो, धड लागत नाही. साहेब लोक त्याला लांडगा-सूर म्हणतात. रामन यांनी १९१६ च्या सुमारास दाखवले की तो सूर वाद्याच्या लाकडाच्या स्वतःच्या कंपाशी जुळतो, म्हणून लाकूड तारेची ताकद भराभर ओढून घेते. गज तेवढी ताकद पुरवू शकत नाही. तार पुन्हा पुन्हा पडते आणि उठते, तीच गुरगुर.

माणसाचा हात सारखा एकसारखा चालत नाही, म्हणून त्यांनी व्हायोलिन वाजवणारे यंत्रच करवून घेतले. त्यात गज स्थिर आणि व्हायोलिन पुढेमागे सरकते. वाचून मला हसूच आले, पण गजाचा दाब आणि वेग मोजायला ते बरोबर होते.

मग ते आपल्या वाद्यांकडे आले. तंबोऱ्याची घोडी विलायती वाद्यासारखी धारदार नसते, रुंद आणि किंचित गोलसर असते. तार तिच्यावर अलगद घासते, म्हणून तंबोऱ्यातून एका तारेचे अनेक सूर झिणझिणत निघतात. कारागीर ह्याला जवारी म्हणतात. मिरजेला तंबोरे करणारी घराणी आहेत, ती हे काम पिढ्यान्‌पिढ्या कानाने करतात. रामन यांनी १९२१ साली लिहिले की तेव्हाच्या नियमाप्रमाणे जे वरचे सूर निघायलाच नकोत, तेही तंबोऱ्यात आणि वीणेत स्पष्ट ऐकू येतात. म्हणजे पुस्तकातला नियम इथे अपुरा पडला.

सगळ्यात मोठी गोष्ट तबल्याची आणि मृदंगाची. तारेतून मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे वरचे सूर निघतात आणि ते एकमेकांशी जमतात. साध्या डफाच्या कातड्याचे तसे नाही. त्याचा दुसरा सूर मूळच्या सुमारे १.५९ पट असतो, पुढचेही असेच आडवेतिडवे. म्हणून डफ घुमतो, पण त्याचा नेमका सूर धरता येत नाही. तबल्यावर मात्र मधोमध काळी शाई असते, मध्ये जाड आणि कडेला पातळ. १९२० साली रामन आणि शिवकाली कुमार यांनी दाखवले की त्या शाईच्या वजनाने हे आडवे सूर जागेवर येतात आणि दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे तारेसारखे लागतात. पुढे बंगलोरला असताना १९३४ च्या सुमारास त्यांनी कातड्यावर बारीक वाळू पसरून पुन्हा प्रयोग केले. कातडे जिथे हलत नाही तिथे वाळू गोळा होते आणि रेघा दिसतात. प्रत्येक सुराची रेघ वेगळी.

शाई म्हणजे लोखंडाचा बारीक कीस आणि खळ. एकेक पातळ थर द्यायचा, दगडाने घोटायचा, वाळू द्यायचा, पुन्हा थर. हे पहिल्यांदा ज्याने केले त्याचे नाव कोणत्याही पुस्तकात नाही. माझे आजोबा भजनात पखवाज वाजवतात आणि चौथीपर्यंत शिकले आहेत. आमच्या घरी मला नेहमी सांगतात की अभ्यास सोडून भजनाला बसू नकोस. मी रामन यांचे हे सगळे घरी वाचून दाखवले. तेव्हा आजोबांनी पखवाजाच्या धुमाची कणीक थोडी काढली, थोडी लावली आणि सूर कसा वरखाली होतो ते मला दाखवले. वजन वाढले की सूर उतरतो. हे त्यांना आधीपासूनच ठाऊक होते.

१९१७ साली रामन यांना कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापकाची जागा मिळाली. सरकारी नोकरीत पगार अकराशेच्या आसपास, इथे सुमारे सहाशे. तरी त्यांनी सरकारी नोकरी सोडली. हे वाचल्यावर आमच्या घरी कुणी काही बोलले नाही. १९२७ साली जर्मनीत निघालेल्या पदार्थविज्ञानाच्या मोठ्या ग्रंथात वाद्यांवरचे प्रकरण त्यांच्याकडून लिहून घेतले गेले. मग १९२८ चा शोध, १९३० चे नोबेल पारितोषिक, १९३३ साली बंगलोर, १९४८ साली स्वतःची संशोधन संस्था, १९५४ साली भारतरत्न. २१ नोव्हेंबर १९७० रोजी ते बंगलोरला वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे संस्थेच्या आवारातच अग्नी दिला. तिथे स्मारक नाही, एक झाड लावले आहे.

भित्तिपत्रकाखालच्या बाकावर एकतारी आणि आजोबांचा पखवाज ठेवला आहे. एकतारी आधी हातात धरून छेडा, मग बाकाला टेकवून छेडा आणि दुसऱ्याने बाकाला कान लावावा. पखवाजाला ओला हात लावू नये, शाई निघते.