तारांचा दोर वळणारा माणूस

जॉन रोबलिंगचा जन्म १८०६ साली प्रशियात झाला. १८३१ मध्ये तो अमेरिकेत आला. शेती केली, पण मन रमले नाही. कालव्यातील नावा डोंगरावर ओढून नेणारे तागाचे जाड दोर झिजत, तुटत. ते पाहून तो लोखंडी तारांचे दोर वळू लागला.

झुलत्या पुलाचा खरा वैरी वारा, हे त्याने ओळखले होते. एलेटने व्हीलिंग येथे ओहायो नदीवर बांधलेला १०१० फुटांचा पूल १८५४ च्या वादळात कोसळला. पुढच्याच वर्षी रोबलिंगच्या नायगारावरील पुलावरून आगगाडी धावली. त्याने आपला पूल ताठ केला, तिरक्या तारांनी आवळून बांधला. १९४० मध्ये टॅकोमाचा पूल चार महिन्यांतच वाऱ्याने मोडला. जुना धडा लोक विसरले होते, दुसरे काय!

ब्रुकलिनच्या पुलाचा मधला गाळा १५९५ फुटांचा. २८ जून १८६९ रोजी रोबलिंग धक्क्यावर उभा राहून मनोऱ्याची जागा पाहत होता. धक्क्याला लागणाऱ्या नावेखाली त्याचा पाय चिरडला. आगगाडी पेलणाऱ्या तारा वळणाऱ्याला एवढे पुरले. बोटे कापली, पुढे डॉक्टरांना न जुमानता या हट्टी माणसाने पाण्याचे उपचार आरंभले. २२ जुलैला धनुर्वाताने तो गेला. पुलाचा एकही दगड अजून बसला नव्हता.

काम मुलाने, वॉशिंग्टनने, हाती घेतले. नदीच्या तळाशी दाबाच्या हवेत काम करून तोही अंथरुणाला खिळला. मग पत्नी एमिली त्याच्या सूचना कामावर पोहोचवू लागली. २४ मे १८८३ रोजी पूल खुला झाला, तेव्हा वॉशिंग्टन घरीच होता.