सवयींचे गणित मांडणारा माणूस

रात्री चार्जिंगला लावलेला मोबाइल ८० टक्क्यांवर येऊन थबकतो. मालक पहाटे साडेपाचला उठतो, हे त्याने काही दिवसांत हेरलेले असते. बॅटरी रात्रभर काठोकाठ भरून ठेवली तर लवकर जीर्ण होते. म्हणून उरलेले २० टक्के तो मालकाच्या उठण्याच्या बेताने भरतो. आयफोनमध्ये ही सोय २०१९ मध्ये आली. त्याच्या आदल्या वर्षी अँड्रॉइडने मालक कोणती ॲप्स उघडतो आणि कोणती नुसतीच पडून असतात, हे पाहून बॅटरीची वाटणी सुरू केली होती. यंत्राच्या पोटात बसून सगळा व्यवहार पाहणारी जी ऑपरेटिंग सिस्टिम, ती अशी धन्याच्या सवयी ओळखून वागू लागली आहे, एखाद्या जुन्या वाड्यातल्या कारभाऱ्यासारखी.

माणसाची सवय गणितात पकडता येते आणि ते गणित यंत्राला शिकवता येते, हा विचार अनेकांच्या हातून घडला. पण त्यातले एक नाव मला नेहमी पुढे करावेसे वाटते. ते म्हणजे अमेरिकन गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांचे. मोबाइल तर सोडाच, टेबलावर ठेवता येईल असा घरगुती संगणकही त्यांनी पाहिला नाही. तरीही या कारभाऱ्याचे गुण आणि त्याचे धोके, दोन्ही त्यांना आपल्या कितीतरी आधी दिसले होते.

वीनर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८९४ रोजी मिझुरी राज्यातल्या कोलंबिया गावी झाला. वडील लिओ वीनर पुढे हार्वर्डमध्ये स्लाव्ह भाषांचे प्राध्यापक झाले. अनेक भाषा आत्मसात केलेल्या या विद्वानाने मुलाला घरीच शिकवायला घेतले. पोराचे गणित बरोबर येत असेतोवर सारे शांत असे. चूक झाली की बापाचा आवाज चढे आणि पोराच्या डोळ्यांत पाणी येई. आठव्या वर्षी दृष्टी फार अधू झाली म्हणून डॉक्टरांनी सहा महिने वाचन बंद केले. शिकवणी मात्र थांबली नाही. ऐकायचे आणि मनातल्या मनात सोडवायचे, असा अभ्यास चालू राहिला. अकराव्या वर्षी नॉर्बर्ट शाळेतून बाहेर पडला, चौदाव्या वर्षी पदवीधर झाला आणि अठराव्या वर्षी हार्वर्डची डॉक्टरेट त्याच्या हाती होती.

या कौतुकाला एक काटा होता. मुलात जन्मजात असे काही विशेष नाही, हे माझ्या शिकवण्याचे फळ आहे, असे वडिलांचे मत १९११ मध्ये एका मासिकात छापून आले. मुलाने ते वाचले. यश आले तर ते वडिलांचे आणि अपयश आले तर ते आपले, हा सल त्यांना जन्मभर पुरला. दुसऱ्याने आखलेल्या वळणावर माणसाला घडवले तर त्याचे स्वतःचे काय उरते, हा प्रश्न त्यांच्या पुढच्या लिखाणात वेगवेगळ्या रूपांनी डोकावतो, त्याचे मूळ मला या बालपणात दिसते.

केंब्रिजला बर्ट्रांड रसेल आणि गटिंगेनला हिल्बर्ट यांच्या हाताखाली शिकून वीनर १९१९ मध्ये बॉस्टनजवळच्या एमआयटीत अध्यापक झाले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. गोल बांधा, टोकदार दाढी, जाड भिंगाचा चष्मा. संस्थेच्या लांबलचक मार्गिकांमधून ते फिरत असत आणि जो भेटेल त्याच्याशी बोलत असत.

मग दुसरे महायुद्ध आले. १९४० मध्ये जर्मन विमाने ब्रिटनवर बाँब टाकत होती. विमानविरोधी तोफेची अडचण अशी, की गोळा वर पोहोचेपर्यंत विमान पुढे निघून जाते. तेव्हा नेम धरायचा तो विमान जिथे असेल तिथे. विमान सरळ रेषेत उडाले तर हिशेब सोपा. पण जीव वाचवू पाहणारा वैमानिक नागमोडी उडतो. वीनर आणि त्यांचे सहकारी ज्युलियन बिगेलो यांनी विचार केला, की भेदरलेला माणूसही मन मानेल तसा वळत नाही. यंत्राच्या मर्यादा असतात, शरीराच्या असतात आणि हाताला लागलेले वळण असते. त्याच्या मागच्या काही क्षणांच्या हालचालींची संख्याशास्त्रीय मोजदाद केली, तर पुढच्या हालचालीचा अंदाज बांधता येईल.

प्रयोगशाळेत भिंतीवर प्रकाशाचा ठिपका फिरवून आणि मुद्दाम जड ठेवलेल्या दांड्याने त्याचा पाठलाग करायला लावून त्यांनी माणसांच्या हालचाली नोंदवल्या. त्यात एक मोलाची गोष्ट हाती लागली. एखाद्याच्या मागच्या हालचालींवरून त्याचा स्वतःचा अंदाज चांगला येतो. दुसऱ्याच्या हालचालींवरून तसा येत नाही. प्रत्येकाचे वळण वेगळे. आजचे प्रत्येक यंत्र आपल्या मालकापुरते शिकते, त्यामागचे तत्त्व हेच.

त्यांची तोफ रणांगणावर कधी गेली नाही. साध्या पद्धतीही जवळजवळ तेवढेच काम देत होत्या. पण १९४२ च्या अहवालातले गणित टिकले. त्याच सुमारास रशियात कोल्मोगोरोव्ह स्वतंत्रपणे तशाच निष्कर्षांपाशी पोहोचले होते. भूतकाळाच्या नोंदींवरून भविष्याचा कमीत कमी चुकणारा अंदाज कसा काढावा, याची ती पायाभरणी ठरली.

१९४८ मध्ये त्यांचे ‘सायबरनेटिक्स’ हे पुस्तक आले. हे नाव त्यांनी सुकाणू धरणाऱ्यासाठीच्या ग्रीक शब्दावरून घेतले. होडीचा तांडेल काय करतो? होडी किती भरकटली ते पाहतो, तेवढेच सुकाणू वळवतो, पुन्हा पाहतो. केलेल्या कृतीचा परिणाम परत स्वतःकडे आणून पुढची कृती सुधारायची, याला म्हणतात फीडबॅक. पाण्याचा पेला उचलणारा आपला हात हेच करतो आणि यंत्रही हेच करू शकते, असे वीनर यांनी मांडले.

त्यांच्याच संस्थेत १९६० च्या दशकाच्या आरंभी फर्नांडो कोर्बातो यांनी अनेकांना एकच संगणक एकाच वेळी वापरू देणारी ऑपरेटिंग सिस्टिम उभारली. एखादे काम किती वेळ खाते, हे पाहून ती त्याचा रांगेतला क्रम बदलत असे. थोडक्यात आटोपणाऱ्याला पुढे घ्यायचे, अडून बसणाऱ्याला मागे सारायचे. पूर्वीचे वागणे पाहून पुढची वागणूक ठरवणे ते हेच. पुढे २००७ च्या विंडोज व्हिस्टाने तर मालक कोणत्या वेळी कोणता प्रोग्रॅम उघडतो, हे ध्यानात ठेवून तो आधीच तयार ठेवायला सुरुवात केली.

आपल्याकडच्या मंडळींशीही वीनर यांचा स्नेह होता. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हार्वर्डला शिकत असताना त्यांची ओळख झाली. १९५५-५६ मध्ये वीनर कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत अभ्यागत प्राध्यापक होते. मुंबईचे गणितज्ञ पेसी मसानी यांच्यासह त्यांनी अंदाजाच्या याच गणिताचा विस्तार केला. पुढे मसानींनीच त्यांचे चरित्र लिहिले.

पण यंत्राचे गोडवे गाणारा हा माणूस त्याच्यापासून सावधही होता. युद्धानंतर एका विमान कंपनीतल्या संशोधकाने क्षेपणास्त्रांच्या कामासाठी त्यांचा जुना अहवाल मागितला. हिरोशिमा पाहिल्यानंतर वीनर यांनी तो द्यायचे नाकारले आणि ते नकारपत्र जानेवारी १९४७ मध्ये छापूनही आणले. १९४९ मध्ये त्यांनी मोटार कामगारांचे पुढारी वॉल्टर रॉयथर यांना स्वतःहून पत्र लिहून स्वयंचलित यंत्रांमुळे येऊ घातलेल्या बेकारीची कल्पना दिली. लष्करी पैशाचा ओघ सुरू असताना ही भूमिका सोपी नव्हती.

माणसाच्या मनासारखे करणारे यंत्र आणि माणसाच्या भल्याचे करणारे यंत्र एकच नव्हे, हे त्यांचे सांगणे होते. त्यासाठी ते जेकब्ज यांच्या ‘मंकीज पॉ’ या कथेचा दाखला देत. मंतरलेल्या पंजाकडे बाप २०० पौंड मागतो आणि ते मिळतात. पण कारखान्यात यंत्रात सापडून मेलेल्या मुलाची भरपाई म्हणून. मागितले ते मिळाले, हवे होते ते गेले.

वीनर यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. घर बदलले त्या दिवशी ते संध्याकाळी सवयीने जुन्याच घरी गेले आणि दाराशी उभ्या असलेल्या मुलीलाच त्यांनी नव्या घरचा पत्ता विचारला. गोष्टीला तिखटमीठ लागले असेलच. पण सवय ओळखणाऱ्या यंत्राची अडचण तिने नेमकी दाखवली आहे. सवयीला काल ठाऊक असतो; आज घर बदलले, हे तिच्या गावी नसते. २००० च्या सुमारास संगणकावरच्या मेनूंमधून क्वचित लागणाऱ्या गोष्टी आपोआप दडवण्याची पद्धत आली होती. वर्षातून एकदाच लागणारी गोष्ट नेमकी त्या दिवशी सापडत नसे. ऑफिसच्या २००७ च्या आवृत्तीत मुख्य कार्यक्रमांमधून ते मेनू गेले.

बँकेच्या काउंटरवर बसल्यावर गिऱ्हाइकांच्या सवयी अंगवळणी पडतात. पेन्शनवाले आजोबा एक तारखेला किती काढणार, कोणत्या नोटा मागणार, हे कॅशियरला पाठ असते. पण रक्कम एकदम वाढली तर जुना कॅशियर हात थांबवून विचारतो, की काय, घरी सगळे ठीक ना? ओळख आणि पाळत यांतला फरक मला त्या एका प्रश्नात दिसतो. सवय ओळखणे हे निम्मेच काम झाले. ती मोडण्याचा अधिकार समोरच्याचा आहे, हे मानणे हे उरलेले निम्मे.

१८ मार्च १९६४ रोजी स्टॉकहोममध्ये वीनर यांचे निधन झाले. दोनच महिन्यांपूर्वी त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले होते. शत्रूच्या वैमानिकाची चाल ओळखण्यासाठी त्यांनी मांडलेले गणित ज्या विचारांच्या मुळाशी आहे, ते आता आपल्या उशाशी येऊन आपले झोपणे-उठणे मोजत आहेत. त्याचा राग धरण्याचे कारण नाही. सोय ती सोयच. मात्र घरातल्या मुलांना मोबाइल हातात देताना, त्यातल्या सेटिंग्जमध्ये ही सवय-ओळख कुठे बंद करता येते, तेही दाखवून ठेवावे. होडी कितीही शहाणी झाली, तरी कोणत्या किनाऱ्याला लागायचे, हे तांडेलानेच ठरवायचे असते.